वीसचे दोन हजार

दोष कुणाचा ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी माझ्या खांद्यावर हात ठेवून ‘असतं एकेकाचं नशीब’ म्हणायला नको. नशीब-बिशीब काही नाही. दोष ख्वेदारकाकाचा! माझ्या बापाचा थोरला भाऊ, आमच्या वेर्बाव्का गावच्या सामुदायिक शेतीचा माजी नागरी संरक्षण प्रमुख, डोक्यावर अजून ती हिरवी टोपी, छातीवर बिल्ले, आणि खांद्याला अडकवलेलं ते खोकं... रेडिएशन मोजायचं, लष्करी, लोखंडी, तिकडे अणुभट्टी फुटली त्या वर्षी गावाला मिळालेलं आणि तेव्हापासून काकाच्या खांद्यावरून न उतरलेलं! या माणसानं, तुम्हाला सांगतो, भर जेवणात, माझ्या होणाऱ्या सासऱ्यासमोर, जिथं भागायचं तिथं गुणलं. बास. एवढंच झालं. भागायचं होतं हो... गुणायचं नव्हतं!

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गणितानं काय बिघडतं? ऐका तर खरं. अंगात रेडिएशन मुरतं ना, ते किती मुरतं हे सांगायची दोन मापं आहेत. जुनं माप रॅड, नवं माप ग्रे. एका ग्रेमध्ये शंभर रॅड. संपलं! एका रुबलात शंभर कोपेक असतात, तसं. दोन्हीकडे मायक्रो लावा, दोन्हीकडे ‘दर तासाला’ लावा, मधलं शंभर जागचं हलत नाही. वीस मायक्रोरॅड म्हणजे शून्य पॉइंट वीस मायक्रोग्रे. तेच घर, तीच हवा, तीच भिंत, आकडा फक्त वेगळ्या कपड्यात. यात न कळण्यासारखं काय आहे? आमच्या बकरीला कळेल. पण बकरीला कधी नागरी संरक्षण प्रमुख केलं नाही ना, म्हणून तिचं डोकं ताळ्यावर आहे!

आणि हे मी सांगायला गेलो की घरातले काय म्हणतात? ‘तू गप बस, तू शिक्षण सोडलंयस.’ सोडलंय! गोमेलच्या विद्यापीठात पदार्थविज्ञान घेतलं होतं, तिसऱ्या वर्षाला सोडलं. का सोडलं? मास्तर फळ्यावर चुकला, मी उठून चूक दाखवली, तो म्हणाला खाली बस, मी खाली बसायच्या ऐवजी बाहेर गेलो, आणि बाहेर हवा इतकी बरी वाटली की परत आत गेलोच नाही. आता ट्रॅक्टर दुरुस्त करतो. ट्रॅक्टर निदान चालू झाला की चालू झाला म्हणतो, पदवी विचारत नाही. पण घरात... घरात चौथी शिकलेला ख्वेदारकाका मला म्हणतो, ‘लावोन, अर्धवट शिकलेल्या माणसानं आकड्यांत पडू नये.’ म्हटलं, काका, मी अर्धा तरी शिकलो, तुम्ही पाव शिकून गावाला भाषणं देता! तर बाप म्हणतो, ‘थोरल्यांशी असं बोलतात का?’ बापाला अख्ख्या आयुष्यात हे एकच वाक्य येतं.

त्यात आमच्या गावाची एक रीत आहे, ती कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे प्रत्येक घराचे दोन आकडे असतात. एक कमिशनसाठी, म्हणजे रेडिएशन तपासायला येणाऱ्या सरकारी पथकासाठी, आणि एक सोयऱ्यांसाठी. जिल्ह्याचं कमिशन आलं की त्यांना कुठं न्यायचं? घरामागे, छपराच्या पन्हाळीखाली, जिथं इतक्या वर्षांचं पावसाचं पाणी ठिबकून सगळा गाळ साठलाय. तिथं मीटर ठेवला की मीटर बिचारा किंचाळतोच! मग कमिशनवाला मान हलवतो, बायका डोक्यावरचा रुमाल डोळ्यांना लावतात, आणि गावाला शाळेतलं फुकट जेवण, आरोग्यधामाच्या सहली, दोन वर्षं आधी पेन्शन. आणि सोयरे आले की? त्यांना पन्हाळीकडे फिरकू द्यायचं नाही! पुढच्या दारानं आत, धुतलेल्या फरशीवर, नवीन सतरंजीवर, आणि आदल्या दिवशी चुलीतली राख बाहेर, कारण जंगलातलं लाकूड जाळून जाळून त्या राखेत सगळा माल साठतो. राख कुठं टाकायची? शेजारच्याच्या कुंपणापलीकडे. शेजाऱ्याकडे सोयरे आले की तो आमच्याकडे टाकतो. अशी ती राख गावभर फिरत असते, सगळ्यांची लग्नं लावत!

म्हणजे कमिशन आलं की आकडा फुगवायचा, सोयरे आले की आकडा आटवायचा. साधं. शेंबडं पोरसुद्धा विचारतं, ‘आई, आज कोणते पाहुणे? रडायचं की हसायचं?’ फक्त एक माणूस असा, की ज्याला आयुष्यभर कमिशनच भेटलं...

हां, तर यादविगा. यादविगा माझ्याच वर्गात होती. तिनं पदवी पूर्ण केली, मी नाही, तरी तिला मीच हवा होतो, यावरून तिची बुद्धी किती ते तुम्हीच ठरवा. ती आता तिच्या गावी, ग्रोदनोला, इस्पितळात, किरणांनी उपचार करतात त्या विभागात. दिवसभर ग्रेमध्येच मोजते, झोपेतही रॅडचे ग्रे करील! पण आमच्याकडे घर बघायला मुलगी येत नाही, तिचे आईबाप येतात. म्हणजे ज्या एका व्यक्तीला त्या टेबलावर गणित येत होतं तिला रीतीनं घरी बसवलेलं, आणि ज्याला येत नव्हतं तो टोपी घालून हजर! काय बोलायचं? रीत काढणारे पण थोरलेच.

पाहुणे येणार म्हणून माझ्या आईनं, उल्यानाबाईनं, घर असं घासलं की भिंतीचा रंग एक छटा मागे गेला. बापाला दाढी करायला लावली. मला इस्त्रीचा शर्ट. आणि टेबलावर मध्यभागी काय? अळंबी! आमच्या जंगलातली, बरणीत मुरवलेली, वर बडीशेपेच्या काड्या. तुम्ही म्हणाल, रेडिएशनच्या मुलखात जंगलातली अळंबी पाहुण्यापुढे? अहो, तीच तर परीक्षा! बटाट्याची धिरडी कुणीही खातं, डुकराची खारवलेली चरबी कुणीही खातं, पण मुलीच्या बापानं मुलाच्या घरची अळंबी तोंडात घातली, चावली, गिळली... की सोयरीक पक्की. तोंडानं हो म्हणायची गरजच नाही. आमच्याकडे अंगठीच्याही आधी अळंबी.

आईनं बापाला निक्षून सांगितलं होतं, ‘तुमच्या भावाला बोलवायचं नाही.’ बाप म्हणाला, ‘नाही बोलवत.’ आणि बोलावलं! का? ‘थोरला भाऊ आहे, बरं दिसत नाही.’ बरं दिसत नाही! आता फार बरं दिसतंय!

आले पाहुणे. सासरा, म्हणजे होणारा, म्हणजे न झालेला... काझिमिर. आयुष्यभर रेल्वेत स्टेशनमास्तर, डोक्यावर अजून रेल्वेची टोपी, त्यामुळे बसतानासुद्धा आधी घड्याळ बघतो आणि मग वेळेवर बसतो. त्यांची बायको हेलेना, हातात रिकामी पिशवी नको म्हणून आणलेला मोठा काळा पाव, तो तिनं टेबलावर ठेवला. रीतीप्रमाणं. नकार असला की जाताना तो पाव परत न्यायचा, होकार असला की ठेवायचा. काझिमिरनं खिशातून मीटर काढला... नवा, इवलासा, आकडे उजळणारा. म्हणाला, ‘राग मानू नका हं अमेल्यान, पोरीचा बाप आहे, बघायला हवं.’ बाप म्हणाला, ‘बघा ना, बघा, घर आपलंच आहे.’ त्यानं फरशीवर ठेवला, चुलीच्या तोंडाशी ठेवला, पलंगावर ठेवला, आणि पलंगावर ठेवताना जरा जास्तच वेळ ठेवला. मी दुसरीकडे बघितलं. मग त्यानं चष्मा सारखा करून वाचलं, ‘शून्य पॉइंट वीस. मायक्रोग्रे. दर तासाला. आमच्याकडे शून्य पॉइंट बारा असतं. म्हणजे जरा जास्त... पण चालेल.’

चालेल! ऐकलंत? चालेल म्हणाला तो! आईनं सुस्कारा सोडला. मी सोडला. बापानं दारूचा पहिला पेला ओतला. काझिमिरनं काटा हातात घेतला, बरणीत घातला, एक छानसं, गोल, चकचकीत अळंबं टोचलं, वर काढलं...

आणि दार उघडलं. टोपी. बिल्ले. खोकं.

‘मोजून झालं? कुणी मोजलं? कशानं मोजलं?’

बाप म्हणाला, ‘दादा, बस ना, पेला घे.’ दादानं पेला घेतला, दुसरा घेतला, तिसरा घेतला, बसला मात्र नाही. खोक्याला जोडलेलं ते टेलिफोनसारखं ऐकायचं यंत्र कानाला लावलं, खोक्याची नळी फरशीवर धरली, टक... टक टक... टक... आणि जाहीर केलं, ‘वीस! या घरात वीस आहे! आणि तुमच्या त्या खेळण्यात किती येतं? शून्य?’

‘शून्य पॉइंट वीस,’ काझिमिर म्हणाला. काटा हवेत. अळंबं काट्यावर.

हेलेना म्हणाली, ‘अगंबाई, वीस की शून्य पॉइंट वीस? कोणतं खरं?’

मी उठलो. तुम्हाला सांगतो, इतक्या नम्रपणे आयुष्यात बोललो नसेन. म्हटलं, ‘काकू, दोन्ही खरे. काकांचं खोकं रॅडमध्ये मोजतं, तुमचा मीटर ग्रेमध्ये. खिशात वीस कोपेक असले की ते शून्य पॉइंट वीस रुबलच असतात ना? शंभरानं भागलं. तेवढंच.’ काझिमिरनं माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच नीट बघितलं. म्हणाला, ‘हे बरोबर वाटतं. पोरानं छान समजावलं.’ काटा पुन्हा वर निघाला. अळंबं तोंडाच्या इतकं जवळ गेलं होतं की मिशीला बडीशेप लागली होती. मी लग्नात काय घालायचं इथपर्यंत विचार करून मोकळा झालो होतो...

‘रुबल!’ काका ओरडला. ‘रुबलाचं नाव काढलंस ते बरं झालं! रुबलाची तीन शून्यं सरकारनं आत्ताच कापली की नाही? आपली साठवण एका सकाळीत किडूकमिडूक झाली की नाही? मग! आता तेच रेडिएशनचं चाललंय! रॅडची शून्यं कापून ग्रे केलंय, म्हणजे आकडा लहान दिसावा, म्हणजे आमच्या सवलती काढून घ्याव्यात! मी ओळखतो हे धंदे! ते शंभरानं कापतात ना? मी शंभरानं वाढवतो! वीस गुणिले शंभर... दोन हजार! लिहून घ्या! या घरात दोन हजार मायक्रोग्रे आहे!’

कुणाला म्हणतोय ‘लिहून घ्या’? कमिशनला! त्याच्या डोक्यात कमिशन बसलेलं! स्टेशनमास्तरची टोपी त्याला अधिकाऱ्याची वाटली असेल, पेल्यांनी काय वाटलं असेल देव जाणे... सोयऱ्यांसमोर आकडा आटवायचा सोडून माणूस फुगवत सुटला! मी म्हणतोय, ‘काका, उलटं! रॅडचे ग्रे करताना भागायचं! भागायचं असतं, गुणायचं नसतं!’ तर मला म्हणतो, ‘तू भागतोस कारण तू त्यांच्या शाळेत गेलास!’ म्हणजे शिक्षण सोडलं म्हणून अर्धवट, आणि जेवढं घेतलं तेवढ्यासाठी फितूर! कुठून काढायचं डोकं या माणसासाठी?

म्हटलं, ‘दोन हजार असते तर वर्षभरात अख्खं गाव आडवं झालं असतं! तुम्ही उभे कसे?’ तर छाती पुढे काढून म्हणतो, ‘सवयीनं!’

सवयीनं!

हेलेनानं हळूच दोन्ही पाय फरशीवरून उचलले. खुर्चीवर, तश्शी, अधांतरी. मग छातीवर क्रूस काढला. काझिमिर स्टेशनमास्तर खरा, त्याला वेळेचं पडलेलं, शांतपणे विचारलं, ‘दोन हजार, दर तासाला?’

मी म्हटलं, देवा, आता तरी गप्प बस. काका म्हणाला, ‘तासाला? तास कसला घेऊन बसलात? मिनिटाला धरा!’

मिनिटाला! म्हणजे त्या दोन हजारांना पुन्हा साठानं गुणलं, तेही नुसतं तोंडानं, जाता जाता! मी बापाकडे वळलो. म्हटलं, बाबा, तुम्ही तरी सांगा, घर तुमचं आहे, तुमच्या घरात मिनिटाला दोन हजार आहे का? आणि बाप, माझा जन्मदाता, अमेल्यान, दारूच्या पेल्यात बघत म्हणाला... काय म्हणाला असेल? ‘दादा म्हणतो तर काहीतरी असेल.’

काटा खाली आला. अळंबं बशीत ठेवलं. काझिमिरनं मिशीवरची बडीशेप रुमालानं पुसली, रुमाल बघितला, आणि तो रुमालसुद्धा टेबलावरच ठेवून दिला.

दारात जाऊन दोघांनी बूट गवतावर घासघासून पुसले, आत येताना नव्हते पुसले एवढे. गाडी निघाली. आई मागे धावली, ‘पाव! तुमचा पाव राहिला!’ ते थांबलेच नाहीत. आमच्या टेबलावर ठेवलेला पाव कोण हातात घेणार? आणि काका काय म्हणाला माहितीये? खुर्चीत रेलून, माझ्या वाट्याच्या धिरड्यावर मलई ओतत? ‘बघितलंस लावोन? पाव ठेवून गेले. पाव ठेवला म्हणजे होकार! असा मान मिळतो आकड्याला!’

मी त्या दिवशी हात उचलला नाही याचं अजून नवल वाटतं मला. आईनं माझा शर्ट मागून धरला होता म्हणून.

यादविगाला फोन केला. पोस्टात जाऊन, रांगेत उभं राहून, मागे अर्धं गाव कान देऊन उभं. म्हटलं, तूच सांग बापाला, शंभरानं भागायचं असतं. ती म्हणाली, ‘सांगितलं रे. कागदावर मांडून दाखवलं. पटलंय त्यांना. वीस रॅड म्हणजे शून्य पॉइंट वीस ग्रे, त्यांना काही शंका नाही.’

मी म्हटलं, मग?

‘मग ते म्हणतात, घर चांगलं आहे, पोरगा हुशार आहे, आकडाही ठीक आहे. पण त्या घरात बरोबर बोलणारा एकटाच होता आणि त्याचं कुणी ऐकलं नाही, बापानंसुद्धा. जो पोरगा काकाचा गुणाकार थांबवू शकत नाही, तो उद्या माझ्या पोरीसाठी काय थांबवणार?’

मागे रांगेत कुणीतरी खोकलं. मी म्हटलं, यादविगा, तू काय म्हणतेस? मग म्हणाली, ‘तुझ्या काकांना तू परत एकदा समजाव ना.’

अहो, या मुलीनं भौतिकशास्त्रात पदवी घेतली आहे. हिला वाटतं ख्वेदारकाका समजावून समजतो!

तरी गेलो. सफरचंदाच्या झाडाखाली खोकं मांडीवर घेऊन बसला होता. मांडलं सगळं पुन्हा. रॅड, ग्रे, कोपेक, रुबल. मान हलवत ऐकलं. शेवटी म्हणाला, ‘कळलं. म्हणजे ते भागतात.’ म्हटलं, हो! ‘आणि आपण गुणायचं.’

तिथं मी उठलो.

पण थांबतोय कुठं तो? दोन हजार हा आकडा त्याला इतका गोड लागला की दुसऱ्याच आठवड्यात जिल्ह्याला फोन! ‘वेर्बाव्कामध्ये दोन हजार मायक्रोग्रे, माजी नागरी संरक्षण प्रमुख बोलतोय, ताबडतोब सवलती वाढवा!’ तिकडे घबराट. एवढा आकडा ऐकून बिचारे पांढरे पोशाख, तोंडाला मास्क, दोन गाड्या भरून आले. कोंबड्या सैरावैरा. काका टोपी घालून पुढे, ‘या, या, पन्हाळीखाली या!’ पण पथकातली बाई चांगलीच खमकी निघाली. म्हणाली, ‘पन्हाळीखाली कोण झोपतं का? घरात दाखवा.’ आईनं घासलेल्या फरशीवर, नवीन सतरंजीवर, राख नसलेल्या चुलीपाशी... सोयऱ्यांसाठी केलेली सगळी तयारी, तुम्हाला सांगतो, जशीच्या तशी कमिशनच्या हाती लागली! शून्य पॉइंट वीस. मग सगळ्या गावात हिंडून घराघरांत मोजलं. शून्य पॉइंट अठरा, शून्य पॉइंट एकवीस, शून्य पॉइंट वीस. बाईनं मास्क काढला, एक सफरचंद तोडून खाल्लं आणि म्हणाली, ‘अभिनंदन, तुमचं गाव स्वच्छ आहे.’

अभिनंदन! शाळेतलं जेवण बंद, सहली बंद, लवकरची पेन्शन बंद. म्हातारे काठ्या घेऊन आमच्या फाटकाशी. आणि दोष कुणावर? काकावर? छे! काकानं तर गावासाठी केवढा मोठा आकडा काढला होता! दोष माझ्यावर. ‘हा लावोन सगळीकडे भागा भागा म्हणत फिरत होता, त्यानंच भागलं!’ आता मी ट्रॅक्टर दुरुस्त करायला गेलो तरी मालक म्हणतो, ‘सुटे भाग मोजून ठेव रे, तुझ्या हातात गेलं की कमी होतं.’ आणि काका? दुकानाच्या पायरीवर बसून नव्या नव्या माणसांना समजावतो, ‘पथकाचं यंत्र बरोबर होतं हो, माझं काही म्हणणं नाही. फक्त त्यांनी शंभरानं गुणलं नाही.’

आणि बाप शेजारी बसून मान हलवतो.

परवा आई म्हणाली, यादविगाचं पत्रबित्र येतं का? म्हटलं, नाही येत. मग तिनं फडताळातून ती बरणी काढली. तीच. वर बडीशेप काळी पडलेली. आम्ही दोघांनी धिरड्यांबरोबर संपवली. चांगली मुरली होती.

यादविगाचं लग्न बटाटे काढायच्या हंगामात झालं, ग्रोदनोच्याच एका दातांच्या डॉक्टरशी. भागायचं होतं, गुणलं, आणि माझं लग्न गेलं.